गोविंदाच्या नावानं दिलेली माफी

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक होतं. कुठल्या गुत्त्यावर बसायचो, किती प्यायचो, कुणाशी मारामारी करून सदरा फाडून घेतला — सगळं. हे एक सोडून. हे तिलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. दुसऱ्या कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तेवढ्या धीरावर हे लिहायला बसलोय. याआधी चारदा बसलो नि चारदा उठलो. आज उठणार नाही म्हणतो. बघू.

मी भिवंडीत जॉबर होतो. कामतघरच्या बाजूला पावरलूमचा कारखाना, दोन रांगांत चोवीस माग. माग चालवतो तो कारागीर, आणि माग बिघडला की ज्याच्या नावानं सगळे बोंब मारतात तो जॉबर. पट्टा सुटला — जॉबर! धागे तुटतायत — जॉबर! दिवसभर हातात पाना नि कानात खडखडाट. कामात मी चोख होतो. हे माझं मीच सांगून घेतो, कारण पुढं माझ्याबद्दल चांगलं काही येणार नाही.

सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असायचे. सुट्टी म्हणजे काय, गुरुवारी शिफ्ट सुटली की गुत्ता, आणि शनिवारी निम्मे कारागीर गायब. शेठ वैतागला होता. त्याच्या ओळखीनं ठाण्याच्या एक बाई यायला लागल्या, मालतीबाई. पन्नाशीच्या, सुती लुगडं, खांद्याला शबनम. एसटीनं कशेळीची खाडी ओलांडून यायच्या, दर शुक्रवारी, अगदी नेमानं. बंद कारखान्यात आम्हा आठ-दहा पिणाऱ्यांना गोल करून बसवायच्या. मीही त्यातलाच. मी का पितो म्हणून विचारलं तेव्हा मी कंबर दुखते म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं. जॉबरची कंबर दुखतेच.

बाईंची रीत वेगळी होती. तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही कधी विचारलं नाही. त्या म्हणायच्या, "सांगू नका. करून दाखवा." दारू वाईट, घरदार बुडतं — असली भाषणं एकदाही दिली नाहीत. खाडीचा चिखल आणून मळायला लावायच्या. कुणाला म्हणायच्या, घरात शिरताना तू कसा शिरतोस ते करून दाखव, आणि दुसऱ्याला त्याची बायको करायच्या. आझमगढचा युसूफ एकदा बाटली झाला होता. खोक्यावर ताठ बसून म्हणतो, "अरे भाई, मैं बोतल हूँ, कोई मुझे उठाओ तो सही!" आम्ही हसून हसून मेलो. आणि ज्याच्यासाठी तो बाटली झाला होता तो कारागीर हसता हसता असा रडायला लागला, की आम्हाला कुठं बघावं कळेना. त्या बाई जादू करायच्या, असं मला तेव्हा वाटायचं. जादूबिदू काही नव्हती. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातापायांनी बोलताना त्याला ते तितकंसं जमत नाही, एवढं त्यांना माहीत होतं.

मला मात्र जमलं. तेच सांगायचंय.

आमच्यात दामू होता. गणेशपुरीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याघरचा, पाऊस संपला की मागावर यायचा आणि मग कायमचाच राहिला. अंगानं आडदांड, मनानं मऊ. त्याची धाकटी बहीण यमुना. तिचं लग्न दामूनंच जमवलं होतं, आपल्याच शेजारच्या मागावरच्या गोविंदाशी. मेहुणे-मेहुणे दिवसभर एकमेकांची टर उडवायचे. आणि एका सकाळी दामूच्या मागावरून धोटा उडाला नि गोविंदाच्या कानशिलात बसला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो सुटला म्हणजे गोळीच. गोविंदा तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या इस्पितळात वारला. दामू त्या दिवसापासून प्यायला लागला. आधी तो थेंबाला शिवत नव्हता, हे लक्षात ठेवा.

त्याचं म्हणणं असं — मागासमोरून कुणी जात असलं तर चालू करण्याआधी हात वर करायचा, ही आमची पद्धत. खडखडाटात हाक कुठून ऐकू येणार? दामूनं त्या दिवशी हात वर केला नाही. गोविंदा त्याला चिडवत समोरून चालला होता, हाही हसत होता, आणि हसता हसता यानं हँडल ओढलं. हे खरं आहे. यात मी काही लपवत नाही. पण हात वर करायला कोण विसरत नाही हो? शिफ्टमध्ये दहादा विसरतात. म्हणून तर गार्ड असतो.

गार्ड म्हणजे साधी लोखंडी सळई. मागावर, धोटा धावतो त्याच्या पुढं बसवलेली. धोटा उसळला तर सळईला आपटून तिथंच पडतो. त्या दिवशी दामूच्या, म्हणजे अकरा नंबरच्या, मागावर गार्ड नव्हता.

मी काढला होता.

लिहिलं एकदाचं. इन्स्पेक्टर येणार म्हणून निरोप होता. तो यायचा तेव्हा पुढची रांग बघायचा, चहा प्यायचा नि जायचा. पुढच्या रांगेतल्या तीन नंबरचा गार्ड वाकला होता. मागच्या रांगेतल्या अकरा नंबरचा धड होता. शिफ्ट बदलताना मी अकराचा काढून तीनवर चढवला. शेठनं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. माझंच शहाणपण. दोन तासांचा तर प्रश्न, इन्स्पेक्टर गेला की परत लावू. अकरा नंबर तेवढा वेळ बंद ठेवायला हवा होता. ठेवला नाही, दामूला सांगितलंही नाही. धोटा उडाला तेव्हा मी फाटकापाशी इन्स्पेक्टरबरोबर चहा पीत उभा होतो.

मग? मग इन्स्पेक्टर शेठच्या कचेरीत गेला, बाकी सगळे गोविंदाला टेम्पोत घालून धावले. मी म्हटलं, मी माग बंद करतो, तुम्ही जा. एकेक माग बंद केला. कारखाना शांत झाला. आणि मी तीनचा गार्ड सोडवून अकरावर परत बसवला. दोन नट, दोन मिनिटं. संध्याकाळी पंचनामा झाला. गार्ड जागेवर, कारागिराची बेपर्वाई. इस्पितळाच्या जिन्यात दामूनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "जॉबर, गार्ड होता काय रे?" मी म्हटलं, होता.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही हो. एवढंच असतं तर मी कदाचित बायकोला सांगितलं असतं. घाबरलो, नोकरी जाईल, तुरुंग होईल म्हणून घाबरलो — असं म्हणून मोकळा झालो असतो. पण पुढं दोन वर्षांनी, ज्या शुक्रवारी मला कसलीच भीती नव्हती, त्या दिवशी मी जे केलं त्याला काय म्हणू?

दामू पहिले कित्येक शुक्रवार कारखान्यात पाऊलच टाकेना. बाहेर निंबाखाली बसायचा. बाई त्याला ओढायच्या नाहीत. एका शुक्रवारी त्याच्याबरोबर दारापर्यंत जायच्या, तिथंच थांबायच्या, परत फिरायच्या. पुढच्या शुक्रवारी आत चार पावलं. महिना-दीड महिना हेच. एक दिवस त्यानं अकरा नंबरच्या मागाला हात लावला आणि तसाच उभा राहिला, घामानं सदरा भिजला पार. त्या आठवड्यात तो प्यायला नाही. बाई म्हणाल्या, आता करून बघू या. तो दिवस, जसा घडला तसा.

वीज बंदच होती. बाईंनी त्याला विचारलं, गोविंदा कोण होणार? ज्याचं दुःख त्यानंच माणूस निवडायचा, अशी त्यांची रीत. दामूनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "जॉबर होईल. जॉबरवर माझा भरवसा हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. कंबर दुखते म्हणायला हवं होतं, तेवढ्यापुरती तरी ती कंबर कामी आली असती! पण सगळे बघत होते. मी उठलो.

दामू मागाशी उभा राहिला. बाई म्हणाल्या, आधी काय केलंस? तो म्हणाला, दोन धागे तुटले होते, ते जोडले. "मग जोड." त्यानं हात पुढं घातला. सरळ, झटकन, न बघता, त्या दिवशी घातला होता तसा — आणि त्याची बोटं गार्डच्या सळईवर आपटली. चांगली सणकून लागली. तो थांबला. हाताकडे बघत राहिला. परत मागं घेऊन पुन्हा हात घातला. पुन्हा आपटला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्या दिवशी न्हाय लागला. हात सरळ आत गेला."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. दोन वर्षं दारूत बुडवून ठेवलेल्या त्या माणसाच्या हाताला खरं आठवत होतं. बाईंनाही काहीतरी जाणवलं असावं. त्या पटकन पुढं आल्या, सळई बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "जॉबर, तुम्ही सांगा. गार्ड होता ना तेव्हा?"

आता सांगा, मला कशाची भीती होती? केस केव्हाच मिटली होती. इन्स्पेक्टर बदलून गेला होता. शेठ मला काढणार नव्हता, माझ्यावाचून त्याचे माग चालत नव्हते. समोर आठ दारुडे नि एक बाई. एक शब्द. "नव्हता." बस्स, एवढा एक शब्द.

मी म्हटलं, "होता बाई. पंचनाम्यात आहे."

बाईंनी मान हलवली. दामूच्या पाठीवर हात ठेवून त्याला समजावलं, की असं होतं, मन स्वतःला वाचवायला अशा आठवणी तयार करतं, त्यात तुझा दोष नाही. त्यांनी प्रामाणिकपणे समजावलं. त्यांना मीच फसवलं होतं. दामूनं ऐकलं. आपल्या हाताला तो खोटा समजला.

पुढचं झालं ठरल्याप्रमाणे. मी समोरून चालत गेलो, युसूफनं धोटा म्हणून कापडाचा बोळा टाकला, मी खाली पडलो. दामू माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. "गोविंदा, गार्ड असून धोटा उडाला रे! मी किती जोरात वढला असंल हँडल! हात वर न्हाय केला. हसत होतो मी..." त्याचे अश्रू माझ्या गळ्यावर पडत होते. बाई हलकेच म्हणाल्या, "गोविंदा, तुला दामूला काही म्हणायचंय?"

मनात येईल ते बोलायचं, हा तिथला नियम. काय आलं माझ्या मनात? हे लवकर आटपू दे, एवढंच आलं. आणि मी मेलेल्या माणसाच्या नावानं बोललो — "दामू, तुझ्या हातून चूक झाली. पण मी तुला माफ केलं."

अहो, माफ केलं! मी! ज्यानं गोविंदाला मारलं त्यानंच गोविंदा होऊन दुसऱ्याला माफ केलं. "तुझी चूक नव्हती" असं तरी म्हणायचं! गोविंदाच्या तोंडी तेही शोभलं असतं. पण नाही, माझ्या तोंडून चूक त्याच्या पदरात घालूनच माफी निघाली. दामू माझ्या छातीवर डोकं ठेवून धाय मोकलून रडला. सगळे रडले. युसूफ रडला. मीही रडलो आणि माझ्या रडण्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. जाताना बाई मला म्हणाल्या, "आज तुम्ही एका माणसाला वाचवलंत."

दामूची दारू सुटली. खरंच सुटली, पुन्हा कधी शिवला नाही. मीही कमी केली. आणि मी स्वतःची समजूत घातली, की झालं ते बऱ्यासाठीच झालं. दोन वर्षं जे औषधानं झालं नाही ते माझ्या चार शब्दांनी झालं. मग आता खरं उकरून कुणाचं भलं होणार? अशी समजूत घालायला मला जेमतेम आठवडा लागला.

पण दामू तिथं थांबला नाही. माफी मिळाली की माणसाला धीर येतो. त्याला बहिणीला सांगायचं होतं. यमुनेला एवढंच माहीत होतं, की मशीननं नवऱ्याचा घास घेतला. हँडल कुणाच्या हातात होतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. भावाच्या दारूला ती गोविंदाचं दुःख समजत होती, त्याच्यासाठी नवस बोलत होती. दामू म्हणाला, "जॉबर, तू चल माझ्यासंगती." मी गेलो. भिवंडी स्टँडवरून वज्रेश्वरीची गाडी, पुढं पाऊलवाट. भाताची कापणी चालू होती.

यमुनेनं ओट्यावर घोंगडी टाकली. दोघांपुढं पाण्याचे तांबे ठेवले. भाऊ शुद्धीत आला, अंगानं भरला, म्हणून हरखून गेली होती. भाऊबीज चार दिवसांवर आली होती, ती काय करायचं ते सांगत होती. दामूनं पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं. मान खाली घालून. हँडल, हात, हसणं — सगळं. "माझ्याच हातनं गेला तो, यमुने."

यमुना भावाकडे न बघता माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही मशीनीतले जाणकार. तुम्ही सांगा. मशीनीचा काय दोष न्हाय?"

ती मला विनवत होती हो. तिला मशीनच हवी होती. भावावर राग धरायची तिची इच्छा नव्हती, म्हणून ती माझ्याकडून एक शब्द मागत होती, आणि तो शब्द खरा होता, आणि तो माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "मशीन ठीक होती, वहिनी."

तिनं दामूपुढचा तांब्या उचलला, भरलेलाच, आणि आत गेली. दार लावून घेतलं. माझा तांब्या तसाच होता. मी पाणी प्यायलो. तहान लागली होती, म्हणून प्यायलो.

त्यानंतर तिनं त्याला दारात उभं केलं नाही. दर भाऊबिजेला दामू आमच्या घरी यायचा. माझी बायको त्याला पाटावर बसवून ओवाळायची, लाडू खाऊ घालायची आणि तो गेल्यावर म्हणायची, "कसली बहीण ती, काळीज आहे की नाही तिला?" मी पेपर वाचत असायचो. आणि दामू जाण्याआधी माझ्या पाया पडायचा. दरवर्षी. मी पाय मागं घेतले नाहीत.

चार-पाच भाऊबिजा झाल्या असतील. मग त्याला कावीळ झाली. प्यायलेल्या त्या दोन वर्षांनी आतून पोखरला होता, पंधरा दिवसांत गेला. शेवटी शेवटी मी खाटेशी बसलेलो, तर त्यानं माझा हात धरला, पिवळे डोळे माझ्यावर रोखले आणि म्हणाला, "जॉबर, खरं सांग हां. त्या दिवशी माझ्या हाताला कायबी लागलं न्हवतं." विचारत नव्हता तो. त्याला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "पडून राहा. ताप आहे तुला." त्यानं हात सोडला.

बहिणीला निरोप मी धाडला होता. ती आली नाही. का येईल?

यमुना अजून आहे. गेल्या वर्षी तिच्या गावचा माणूस भेटला, म्हणाला म्हातारी आता फार चालत नाही, पण डोकं शाबूत आहे. आपल्या नवऱ्याला आपल्या भावानं मारलं, असंच ती धरून आहे. तिला ते मी पटवलं. वज्रेश्वरीची गाडी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर थांबते, आणि मी अजून गेलेलो नाही.